दोन बरगड्या वर

सेरथांगच्या पठारावर ऊन आलं की दुर्बिणीच्या घुमटाचा पत्रा आधी तडतडतो आणि मग माणसं कामाला बाहेर पडतात. त्या दिवशी मात्र माणसं पत्र्याच्या आधीच बाहेर होती, कारण मोठ्या आरशाचा शेवटचा तुकडा बसायचा होता. सुवर्णा पोवार दवाखान्याच्या खिडकीत चहाचा पेला घेऊन उभी होती. समोर घुमटाच्या लोखंडी शिडीवर तिचे व्याही, रंगराव चौगुले, चढत होते. नवव्या पायरीवर ते थांबले. डावा हात शिडीवरून सुटला, छातीकडे गेला आणि तिथून हनुवटीखाली. दाढ दुखत असल्यासारखा त्यांनी जबडा चोळला. मग दोन्ही हातांनी शिडी धरून ते उभे राहिले. वरही जाईनात आणि खालीही येईनात.

सुवर्णाने वळून भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं. अडतीस नावं, अडतीस दिवे. रंगरावांच्या नावापुढचा दिवा हिरवागार होता.

तिने पेला ठेवला आणि बाहेर पडली. सोळा हजार फुटांवर धावायचं नसतं, म्हणून ती नुसतीच भरभर चालली.

"उतरा खाली," तिने शिडीखालून हाक मारली.

"काय ओ विहीणबाई, नाष्ट्याला बोलवायला आलाय व्हय?" रंगरावांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त मधे दोन ठिकाणी श्वास घ्यावा लागला होता.

"उतरा म्हणते ना."

"पित्त हाय. कालच्या राजम्यानं केलंय. आनि दिवा बगा की, हिरवा हाय न्हवं?"

"दिवा मी बघितलाय. तुम्ही उतरा."

घुमटाच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "रंगूअण्णा, ऐका विहिणीचं! लेक त्यांची हाय तुमच्या घरात, चहात मीठ पडंल!"

सगळे हसले. रंगरावही हसले आणि एकेक पायरी मोजल्यासारखे खाली उतरले.

रंगराव इचलकरंजीचे. तीस वर्षं यंत्रमागांचे फिटर. चालत्या मागाच्या आवाजावरून कुठला दांडा केसभर सरकलाय ते सांगायचे. या दुर्बिणीच्या आरशाचे षटकोनी तुकडे यंत्र उचलून आणत असे, ठेवत असे, पण ते जागेवर बसवायचं काम शेवटी बोटांनीच व्हायचं, आणि तशी बोटं इचलकरंजीच्या एका कारखान्यात मिळाली. तिथून चौदा जणांची टोळी लडाखला आली होती. टोळीचे म्होरके रंगराव. अठ्ठेचाळीस तुकडे त्यांनी बसवले होते. एकोणपन्नासावा उरला होता.

सुवर्णाचं काम वेगळं. कोल्हापूरच्या एका इस्पितळात सव्वीस वर्षं तिने हृदयाचे आलेख काढले होते. तारा लावायच्या, कागद काढायचा, डॉक्टरांपुढे ठेवायचा. निदान करणं तिचं काम नव्हतं. पण सव्वीस वर्षं रोज चाळीस छात्या बघितल्यावर डोळ्यांना आपोआप कळायला लागतं. नवरा गेल्यावर आणि लेकीचं, ईश्वरीचं, लग्न झाल्यावर तिने या जागेसाठी अर्ज केला. "या वयात हिमालयात?" असं सगळ्यांनी विचारलं. "मग कुठल्या वयात?" असं तिने विचारलं आणि सामान बांधलं.

दवाखान्यात आल्यावर तिने रंगरावांना खाटेवर बसवलं आणि नाकाला प्राणवायूची नळी लावली.

"नक्की काय होतंय ते सांगा. पित्त सोडून."

"काय न्हाई ओ. चढताना कुनीतरी छातीवर गुडघा ठेवल्यागत वाटतं. बसलं की जातं."

"आणि जबडा?"

रंगरावांनी चमकून पाहिलं. "तेबी बगितलं व्हय तुमी?"

"किती दिवस?"

"चार. पाच आसतील."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"दिवा हिरवा व्हता की!" ते एकदम म्हणाले. "तांबडा झाला की खाली धाडता तुमी, मग हंगामभर वर येऊ देत न्हाई. एक तुकडा ऱ्हायलाय, विहीणबाई. एकच."

सुवर्णाने पडद्यावर त्यांचा आलेख आणला. छातीभोवती घट्ट आवळलेल्या पट्टीतून तो अखंड येत असे. आता दुखत नव्हतं, नाडी शांत होती. पण छातीच्या पुढच्या भागाच्या रेघा तिला आवडल्या नाहीत.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा आलेख म्हणजे तीन उंचवटे असतात. सुरुवातीला एक बारकी टेकडी, मग एक उंच सुळका आणि शेवटी एक रुंद, मऊ टेकडी. ही शेवटची टेकडी, डॉक्टरांच्या भाषेत 'टी', म्हणजे ठोका देऊन झाल्यावर स्नायू पुन्हा तयार होत असतो, त्याची खूण. निरोगी माणसाच्या छातीच्या पुढच्या भागात ती सहसा सरळ, वर तोंड करून असते. रंगरावांची टेकडी उलटी होती. टेकडी कसली, तिथे खोल दरी होती.

एवढ्यावरून घाबरून चालत नाही. उंचीवर हवा विरळ, प्राणवायू कमी. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या त्यामुळे आकसतात आणि त्यांच्यातून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. त्या ताणानेही हीच टेकडी उलटी होते. माणूस खाली उतरला की काही दिवसांत ती सरळ होते, बिघडत काही नाही. पंचाईत एवढीच की हृदयाला रक्त देणारी समोरची मोठी वाहिनी बंद व्हायला आली, तरीही नेमकी तिथेच टेकडी उलटी होते, आणि तीही दुखणं थांबल्यावर, माणूस हसत बसलेला असताना. पहिल्या आजारात माणसाने विश्रांती घ्यायची असते. दुसऱ्यात तासांचा हिशेब असतो.

पहिल्या हंगामात छातीत दुखलं की माणसाला हेलिकॉप्टरने खाली नेत. अकरा जणांना नेलं, दहा जणांना काहीच निघालं नाही. कुणाची खोकून खोकून बरगडी दुखत होती, कुणाचा स्नायू आखडला होता. त्यातल्या एका फेरीत हेलिकॉप्टर खिंडीतल्या ढगात सापडलं आणि वैमानिकासह सगळे थोडक्यात वाचले. त्यानंतर 'समतल' आलं.

'समतल' ही एक गणिती प्रणाली. हजारो माणसांचे डोंगरावरचे आणि सपाटीवरचे आलेख तिला शिकवलेले. प्रत्येक कामगाराचा घरचा आलेख, म्हणजे मूळ आलेख, तिच्याकडे असे. डोंगरावरच्या आलेखातून ती आधी माणसाचा मूळ आलेख वजा करी, मग उंचीचा वाटा वजा करी. उरेल तो आजार. काही उरलं नाही तर दिवा हिरवा. दोन हंगामांत एकही दिवा खोटा ठरला नव्हता. सुवर्णाचाही तिच्यावर विश्वास होता. प्रणाली तिच्यासारखीच बघत असे, फक्त जास्त वेगाने आणि न दमता.

आज मात्र तिचं आणि प्रणालीचं जुळत नव्हतं. तिने खालच्या तळावरच्या डॉक्टर निमकरांना पडद्यावर बोलावलं. तरुण माणूस. दाढी करता करता आला होता, एका गालाला साबण तसाच.

"सुवर्णाताई, मी पाहतोय आलेख. टी उलटी आहे, मान्य. पण त्यांच्या मूळ आलेखातही ती उलटीच आहे. काही लोकांची जन्मजात ठेवण असते तशी. त्यात उंचीची भर पडली, म्हणून खोल दिसतेय. 'समतल'च्या हिशेबात बाकी शून्य येतंय."

"डॉक्टर, चढताना दुखतंय, बसल्यावर थांबतंय. जबड्यात जातंय."

"ते मलाही आवडलेलं नाही. त्यांना झोपवून ठेवा, तासातासाने बघू. पण हिरव्या दिव्यावर हेलिकॉप्टरची जागा मागायची तर मला कारण द्यावं लागेल. आज साडेनऊला ते सामान घेऊन वर येतंय, दहाला परत. पुढचे चार दिवस बर्फाचा अंदाज आहे आणि दरडीने रस्ता बंद. मला काहीतरी ठोस द्या."

सव्वाआठ झाले होते.

सुवर्णाने रंगरावांचा मूळ आलेख उघडला. तो तिनेच काढलेला होता. इचलकरंजीच्या कारखान्यात, अकरा महिन्यांपूर्वी. जन्मजात ठेवण. शेवटची टेकडी उलटी, बरोबर. पण मग तिची नजर ठोक्याच्या सुरुवातीला गेली. तिथली बारकी टेकडीही उलटी होती.

जन्मजात ठेवणीत असं होत नाही. असं व्हायचं एक साधं कारण असतं, आणि नव्या शिकाऊ मुलींना ती पहिल्याच आठवड्यात ते बजावून सांगत असे. तारा वर लागल्या की सगळंच उलटं दिसतं.

तिला तो दिवस आठवला. खरं म्हणजे ती तो विसरलीच नव्हती; तो बघायचं टाळत होती.

कारखान्याच्या उपाहारगृहात पडदा लावून तिने आलेख काढले होते. श्रावण चालू होता. टोळीतल्या निम्म्या लोकांनी दाढी सोडलेली, वस्तऱ्याला हात लावायला तयार नाहीत. छातीवर केस असले तर तारांच्या चकत्या नीट चिकटत नाहीत, तेवढे केस काढावे लागतात. सुवर्णाने कुणाचं ऐकलं नाही. "देवाला मी सांगते," म्हणत तिने सहा जणांच्या छातीवर वस्तरा फिरवला. सातवे रंगराव आले. सदऱ्याची बटणं काढून, मान दुसरीकडे करून बसले. छातीवर अस्वलासारखे केस.

"विहीणबाई," ते अगदी हळू म्हणाले होते, "श्रावण हाय. आनि आता तुमीच सांगा, विहिनीनं व्याह्याची छाती भादरायची म्हंजे… उद्या घरात कळलं तर पोरं हसून मरतील."

ईश्वरीच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. लग्नात मानपानावरून कुरबूर झालेली, ती मिटवायला याच माणसाने पुढाकार घेतला होता. सुवर्णाचा वस्तरा धरलेला हात खाली आला. गळ्याखाली, दोन बरगड्या वर, केस विरळ होते. तिने पुढच्या तीन चकत्या तिथे चिकटवल्या. आलेखासोबत भरायच्या अर्जावर प्रश्न होता, 'चकत्यांची जागा बदलली आहे काय?' बदलली म्हटलं तर आलेख बाद. तिने 'नाही'वर खूण केली. दोन बरगड्यांनी काय होतंय, असं ती मनाशी म्हणाली.

दोन बरगड्यांनी हे झालं होतं. 'समतल'ला वाटत होतं की या माणसाची टेकडी घरीसुद्धा उलटीच असते. म्हणून आजची दरी तिच्या लेखी जुनीच होती. ज्या खुणेवरून हा माणूस वाचायचा, तीच खूण प्रणाली रोज निमूटपणे वजा करत होती.

सुवर्णा स्टुलावर बसली. एका क्षणात तिला पुष्कळ गोष्टी दिसल्या. तिने काढलेले सगळेच मूळ आलेख आता संशयात येणार. नोकरी जाईल. आणि चौगुल्यांच्या घरात, ईश्वरीच्या सासूच्या तोंडी, आयुष्यभर एक वाक्य राहील. पण हे सगळं नंतरचं होतं. तिने निमकरांना पुन्हा पडद्यावर बोलावलं.

"डॉक्टर, यांचा मूळ आलेख खोटा आहे. मी काढलाय. पुढच्या तीन चकत्या मी दोन बरगड्या वर लावल्या होत्या आणि तसं लिहिलं नाही."

निमकरांच्या गालावरचा साबण वाळत आला होता. "का?"

"केस होते. वस्तरा लावला नाही. श्रावण होता आणि हे माझे व्याही आहेत."

निमकरांनी गालावरचा साबण पुसून टाकला. बहुधा कुठल्या पुस्तकात हे कारण सापडेल याचा ते विचार करत असावेत. मग म्हणाले, "मूळ आलेख बाद केला तर 'समतल' काहीच सांगू शकणार नाही. नुसत्या उंचीच्या सरासरीवर टांगून ठेवेल. घरी जाऊन नवा काढता येत नाही."

"घरी जायला नको," सुवर्णा म्हणाली. हे सुचलं तेव्हा ती स्वतःच चकित झाली, इतकं ते सोपं होतं. "मूळ आलेख चुकीच्या जागेवरचा आहे ना? मग आजचाही त्याच चुकीच्या जागेवरून काढते. चुकीतून चूक वजा होईल. उरेल ते खरं."

निमकर पुढे सरकले. "तीच जागा सापडेल?"

"बोटभरही चुकणार नाही."

ती खाटेकडे वळली. रंगरावांनी सगळं ऐकलं होतं. प्राणवायूच्या नळीमागे त्यांचा चेहरा कधी नव्हे एवढा गंभीर होता.

"म्हंजे माज्या श्रावनापायी…"

"तुमच्या श्रावणापायी नाही. माझ्या भिडेपायी. सदरा काढा."

"विहीणबाई, ते घरी कळलं तर—"

"कळणारच आहे. मीच सांगणार आहे. काढा सदरा."

त्यांनी मुकाट्याने काढला. तिने पट्टीच्या पुढच्या चकत्या सोडवल्या. कंठाखालच्या खळगीपासून बोटं खाली सरकवत तिने हाडाचा तो आडवा उंचवटा शोधला, जिथून बरगड्या मोजायला सुरुवात करतात. अकरा महिन्यांपूर्वी जिथे हात गेला होता तिथेच तो आताही गेला. मानेच्या तळाशी एक तीळ होता, त्याच्या बरोबर खाली. तीन चकत्या चिकटवल्या. पडद्यावर 'मूळ आलेखाशी तुलना' दाबलं.

'समतल'ला एरवी दोन सेकंद लागत. आताही दोनच लागले.

भिंतीवरचा दिवा तांबडा झाला.

पडद्यावर दोन रेघा एकमेकींवर आल्या, जुनी निळी आणि नवी काळी. घरचीही उलटी होती, पण उथळ, बशीसारखी. आजची तिच्याखाली विहिरीसारखी खोल गेली होती. उंचीचा वाटा वजा करूनही अर्ध्याहून जास्त खोली तशीच उरत होती.

"ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या," निमकर म्हणाले. आवाज पूर्ण बदलला होता. "त्यांना एक पाऊलही चालू देऊ नका. मी हेलिकॉप्टरला सांगतो, सामान टाकायचं आणि लगेच उठायचं. इथे वाहिनी उघडायची तयारी करून ठेवतो."

रंगरावांनी गोळी चावली, तोंड वाकडं केलं. "तुकडा?" त्यांनी विचारलं.

"तुकडा बसंल," दारातून आवाज आला. टोळी दारात येऊन उभी होती, मघाशी चहातल्या मिठाची थट्टा केलेला महादू पुढे. "अण्णा, तुमी खाटेवरनं सांगा, मी बसवतो."

"तुज्या बोटांत घट्टे हायत, तुला जानवनार न्हाई."

"मग घट्टे घासून बसवतो!"

"आनि पेच आवळताना वरचा आदी. खालचा न्हाई. खालचा आवळलास तर दोन तास गेले बग…"

"चूप बसा," सुवर्णा म्हणाली, आणि सोळा हजार फुटांवर सगळेच्या सगळे गप्प झाले.

साडेनऊला हेलिकॉप्टर आलं, नऊ चाळीसला उठलं. त्याच्या वाऱ्यात तिच्या पदराची दोन टोकं उडत होती, आणि स्ट्रेचरवरून रंगराव ओरडून काहीतरी सांगत होते. तिला ऐकू आलं नाही. पेचाबद्दलच असणार.

दुपारी दोनला निमकरांचा निरोप आला. समोरची मोठी वाहिनी पंचाण्णव टक्के बंद होती. उघडली. माणूस बोलतोय, नको तेवढं बोलतोय. एकोणपन्नासावा तुकडा बसला का, हे परिचारिकेला चारदा विचारून झालंय.

बसला होता. वरचा पेच आधी.

संध्याकाळी सुवर्णाने अहवाल लिहायला घेतला. चार ओळींत झाला. काय केलं, का केलं, काय झालं. मग तिने आणखी एक ओळ घातली: 'उरलेल्या सदतीस जणांचे मूळ आलेख बरोबर आहेत. तरीही ते सगळे मी पुन्हा काढीन.' नोकरी गेली नाही. का गेली नाही ते तिने विचारलं नाही. पुढच्या हंगामात प्रणालीच्या अर्जावर मात्र दोन नवे प्रश्न आले. 'छातीवरील केस काढले काय?' आणि त्याखाली, 'नसल्यास, कोणाच्या संकोचामुळे?' दुसऱ्या प्रश्नाला निमकरांच्या वरिष्ठांनी हरकत घेतली होती. निमकरांनी तो काढू दिला नाही.

ईश्वरीला तिने त्याच दिवशी फोन केला होता. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.  मग फोन तिच्या सासूबाईंनी घेतला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "माज्या नवऱ्यानं तीस वर्सं माजं आयकलं न्हाई. तुमी त्याला शिडीवरनं उतरवलं. आमी काय बोलनार?" थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पन पुढच्या येळंला भादरा. बिनधास्त भादरा."

पुन्हा श्रावण आला. त्याच उपाहारगृहात सुवर्णाने पडदा लावला. रंगरावांना आता डोंगरावर जायची परवानगी नव्हती, पण नव्या टोळीला शिकवायला ते रोज कारखान्यात येत, आणि मूळ आलेख तर सगळ्यांचाच काढायचा होता. रांगेत ते पहिले होते. स्टुलावर बसून त्यांनी स्वतःच सदऱ्याची बटणं काढली, मान मात्र जुन्या सवयीने दुसरीकडे वळवली. दाढी आठवडाभराची वाढलेली.

सुवर्णाने वस्तऱ्याची पेटी उघडली.

"त्यो न्हाई," रंगराव म्हणाले आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नवाकोरा वस्तरा. "ह्यो घ्या. तुमचा बोथट असतोय, महादू सांगत व्हता."

"आणि श्रावण?"

"दाढीचा श्रावन दाढीला. छातीला पाळायचा न्हाई, आसं घरातनं सांगितलंय."

तिने साबण लावला. चौथी बरगडी मोजली, जागा साफ केली, चकत्या जिथे लागायला हव्यात तिथेच लावल्या. कागदावर रेघ उमटायला लागली. सुरुवातीची बारकी टेकडी सरळ. सुळका. आणि शेवटी ती रुंद, मऊ टेकडी, वर तोंड करून.

"काय दिसतंय?" रंगरावांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

सुवर्णाने कागद फाडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो मागाच्या धाग्यासारखा डोळ्यांजवळ नेला आणि एका डोळ्याने निरखून बघितला.

"सरळ हाय की," ते म्हणाले.

"आधीपासून सरळच असणार," सुवर्णा म्हणाली. "मी बघितली नव्हती." आणि अर्जावरच्या त्या दुसऱ्या प्रश्नापुढे तिने ठळक अक्षरांत लिहिलं: कोणाच्याही नाही.